रापण कशी ओढतात, आणि वाटा कुणाला मिळतो?

(हा भाग ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायचा आहे त्यांच्यासाठी. बोलताना झालेली अडखळ आणि मधलं चहाचं पुराण काढून टाकलं आहे, बाकी जसं बोलले तसंच.)

मागच्या भागात आपण सुक्या मासळीबद्दल बोललो. त्यात मी बोलता बोलता "रापणीचे बांगडे" असं म्हणाले आणि पुढे गेले. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला, की रापणीचे म्हणजे कसले? ही बांगड्याची वेगळी जात आहे का?

नाही हो. बांगडा तोच. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. बोटीवरून नाही, किनाऱ्यावर उभं राहून, माणसांच्या हातांनी. गोव्यात याला रांपण म्हणतात, कारवारच्या खाली रांपणी. आणि ते जाळं ओढणारे ते आमच्याकडे रापणकर, गोव्यात रांपणकार. रापणीत कसलाही मासा येतो, लहान-मोठा, खायचा-न खायचा, त्यामुळे आमच्याकडे "सगळी रापण आणलीस काय?" असं बाजारातून नको ते उचलून आणणाऱ्यालाही म्हणतात. मालवणचे चित्रकार प्र. अ. धोंड यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'रापण' हे नाव दिलं ते उगाच नव्हे.

आता मी हे का सांगतेय, तर माझं बालपण या दोराला लटकून गेलं. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली-देवबागचा पट्टा आहे. देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माडांची आणि वाळूची चिंचोळी पट्टी. आमचं घर त्याच बाजूला. बाबा, काका, दोन चुलतभाऊ, आजी, आणि शाळा नसेल तेव्हा आम्ही सगळी पोरं, एवढं आमचं घर रापणीला असायचं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट.

आधी जाळं समजून घेऊ

रापणीचं जाळं म्हणजे एक लांबच लांब भिंत आहे असं समजा. उंचीला कमी, लांबीला काहीशे मीटर. वरच्या दोराला तरंगण्यासाठी बोये, खालच्या दोराला शिशाची वजनं. त्यामुळे वरची कड पाण्यावर तरंगते, खालची कड तळाला टेकते, आणि मधे जाळं पडद्यासारखं उभं राहतं. दोन्ही टोकांकडे आस मोठे, म्हणजे जाळ्याची भोकं मोठी, आणि मधोमध आस बारीक. मधे जाळं ढिलं सोडलेलं असतं, तिथे ओढताना फुगून पोट तयार होतं. सगळी मासळी शेवटी त्या पोटात जमते. दोन्ही टोकांना लांब दोर. हे दोर किनाऱ्यापर्यंत येतात आणि खरी ओढाताण यांचीच.

टोकांकडे एवढी मोठी भोकं असून मासा त्यातून पळत का नाही, हे मला लहानपणी कळत नसे. बरेचसे बांगडे त्या भोकातून आरामात निघून जातील. पण जात नाहीत. थव्याने पोहणारा मासा समोर काही हलताना दिसलं की त्यातून जात नाही, त्याच्या कडेकडेने वळतो. दोराची थरथर, जाळ्याची सावली, ढवळलेली वाळू, एवढं त्याला पुरतं. म्हणजे बाजूचं जाळं मासा पकडत नाही, हाकतं. गुरं हाकावी तसं. पकडतं ते मधलं पोट.

पळायची खरी वाट खाली असते. तळाला टेकलेला दोर एकदा का वर उचलला गेला की खालून अख्खा थवा निसटतो. म्हणून रापण फक्त वाळूच्या पुळणीवर चालते. खडक असला की खालचा दोर अडकतो, जाळं फाटतं. सिंधुदुर्गाला १२१ किलोमीटरचा किनारा आहे, पण त्यातली रापणीला चालेल अशी जागा मोजकीच, आणि म्हणून ती जागा कुणाची, पाळी कुणाची यावर पिढ्यान्‌पिढ्या नियम आहेत, आणि भांडणंही.

ओढायचं कसं

सुरुवात ओढण्याने होत नाही, बघण्याने होते. पावसाळ्यात नद्या ओढे समुद्रात गाळ आणि खत घेऊन येतात, खालचं थंड, कसदार पाणीही वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी वाढतात, आणि ते खायला बांगडा, तारली, पेडवे थव्यांनी किनाऱ्याजवळ येतात. म्हणून नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, पाणी जरा निवळलं, की रापणीचे चांगले महिने सुरू. ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यात भराचे.

थवा किनाऱ्याजवळ आला की पाण्याचा रंग बदलतो. एक काळपट, कधी तांबूस डाग सरकताना दिसतो. वर पक्षी घिरट्या घालतात. वारा नसताना एखाद्या तुकड्यावर पाणी शहारल्यासारखं दिसतं. आमच्या काकाला हे दिसायचं, आम्हाला नाही. तो माडाला टेकून अर्धा अर्धा तास नुसता बसलेला असायचा आणि आम्हाला वाटायचं हा झोपलाय. अंधाऱ्या रात्री वेगळी खूण. मासा हलला की पाण्यात निळसर चमक उठते, तेव्हा थव्याचा आकारही कळतो म्हणतात. मी रात्रीची रापण दोनदाच पाहिली.

थवा दिसला की आवाज न करता होडी ढकलायची. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात देऊन होडी निघते. वल्हे मारत मारत थव्याच्या बाहेरून मोठा वळसा घालते आणि जाता जाता जाळं पाण्यात सोडत जाते. दोन माणसं फक्त जाळं सोडायला, कारण गुंता झाला तर सगळं संपलं. वळसा पूर्ण करून होडी दूर किनाऱ्यावर लागते, दुसऱ्या टोकाचा दोर तिथल्या माणसांना मिळतो. आता किनारा ही सरळ रेघ आणि जाळं हा धनुष्यासारखा बाक, आणि मासा मधे.

मग ओढायचं. दोन्हीकडे वीस-पंचवीस माणसं. दोर कमरेजवळ धरायचा, समुद्राकडे तोंड करून उलट्या पावली मागे जायचं. सगळ्यात मागचा माणूस माडांपर्यंत पोचला की दोर सोडतो, धावत पुढे येतो, पाण्यात गुडघाभर शिरून पुन्हा दोर धरतो. म्हणजे रांग सतत फिरत असते, रहाटासारखी. सुटलेला दोर गोल गुंडाळायचं काम पोरांचं. ओला दोर, त्यावर वाळू, हाताची सालं निघायची. आधीच्या काळात तर काथ्याचा दोर होता, आजी सांगायची की त्याच्यापुढे तुमचा हा दोर म्हणजे रेशीम.

जोर लावणं हा यातला सोपा भाग. अवघड आहे ते एकसारखं ओढणं. एक बाजू जोरात आली आणि दुसरी मागे राहिली तर पोट मधोमध राहत नाही, मासा ढिल्या बाजूकडे वळतो. म्हणून दोन्ही रांगांमधे कोणीतरी उभा राहून नुसता हात करत असतो, इकडे थांबा, तिकडे ओढा. आमच्याकडे तांडेल ते करायचा. त्यात समुद्राचा प्रवाह असतो, तो सगळं जाळं एका बाजूला वाहून नेतो. मग ओढता ओढता दोन्ही रांगांना किनाऱ्याच्या कडेने सरकावं लागतं. आम्ही कधी कधी एका माडापाशी सुरू करून पाव-अर्धा किलोमीटर लांब जाऊन संपवायचो, आणि घरून चहा घेऊन आलेली आजी आम्हाला शोधत वाळूत चालत असायची.

हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींजवळ येतात. दोर संपून जाळं हातात येतं. इथून सगळ्यांचे आवाज वाढतात. काका ओरडायचा, "खालचो दोर धर, वरचो मगे बघूया! तळ सोडू नको!" चार-पाच जण पाण्यात वाकून खालचा दोर पायाने वाळूत दाबत दाबत आणतात. आम्ही पोरं दोन्ही बाजूंनी पाण्यावर हात आपटायचो, म्हणजे मासा बाहेर यायला बघेल तो घाबरून परत पोटाकडे जाईल. मला आवडायचं ते हेच. घरात आवाज केला तर धपाटा, आणि इथे जितका जास्त आवाज तितकं कौतुक.

आणि मग पोट पुळणीला लागतं. त्याच्या आवाजाबद्दल मला अजून नीट सांगता येत नाही. हजारो बांगडे एकदम फडफडतात, तो पावसाचा आवाज नाही, टाळ्यांचाही नाही. पत्र्यावर कुणी ओल्या मुठी आपटाव्यात तसं काहीतरी. कधी कधी तो आवाज होतच नाही. तीन तास ओढून जाळ्यात चार खवळे, दोन लेप, मूठभर सुंगटं आणि ढीगभर शेवाळ आणि जेलीफिश. मग कुणी बोलत नाही. जाळं झटकायचं, होडीत परत रचायचं, घरी जायचं.

मुलांना यात धोका होता का? होता. जेलीफिश लागली की दोन दिवस आग. पाकटाच्या शेपटीला काटा असतो, तो पायात गेला तर मोठा माणूस रडतो. केंड म्हणून एक फुगणारा मासा आहे, तो विषारी, त्याला आम्ही पायाने उडवायचो आणि ओरडा खायचो. पण शाळेच्या दिवशी ओढायला जायचं नाही हा बाबांचा नियम होता, तो त्यांनी एकदाही मोडला नाही. सगळ्या घरांत हा नियम नव्हता. माझ्या वर्गातले दोन मुलगे चौथीनंतर दोरावरच राहिले. आज कुणी रापणीच्या आठवणी गोड करून सांगितल्या की मला ते दोघे आठवतात.

वाटा

मला या भागात खरं बोलायचं होतं ते याबद्दल. कारण रापण म्हणजे मासे पकडायची पद्धत जेवढी आहे, तेवढीच ती हिशोबाची पद्धत आहे.

एवढं मोठं जाळं एका घराला परवडत नसे. म्हणून पूर्वी प्रत्येक घराने आपला आपला तुकडा विणून आणायचा आणि हंगामाच्या सुरुवातीला ते सगळे तुकडे एकमेकांना शिवून एक रापण करायची. कापसाचा किंवा तागाचा धागा, आणि तो कुजू नये म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात, आमच्याकडे ऐनाच्या सालीच्या, जाळं उकळून काढायचं. हंगाम संपला की शिवण उसवून आपापला तुकडा घरी. पावसात घरोघरी त्याची डागडुजी.

त्यामुळे वाटे दोन प्रकारचे. एक अंगाचा, म्हणजे ओढायला उभा राहिलेल्या माणसाचा. दुसरा तुकड्याचा, म्हणजे जाळ्यात ज्याचा भाग आहे त्याचा. होडीचा वेगळा, देवाचा वेगळा. प्रत्येक संघाची पद्धत निराळी, पण उदाहरण म्हणून असं समजा. मासळी ३० हजारांना गेली. दोर, डागडुजी, चहापाणी यांचे ३ हजार आधी बाजूला. राहिले २७ हजार. ३० माणसांचे ३० वाटे, जाळ्याच्या तुकड्यांचे ८, होडीचा १, देवळाचा १, असे ४० वाटे. एका वाट्याला ६७५ रुपये. ज्या घरातली दोन माणसं दोरावर आणि एक तुकडा जाळ्यात, त्या घरात २,०२५ रुपये आले. ज्या घरात माणूसच नाही पण तुकडा आहे, त्या घरात ६७५ आले.

या शेवटच्या ओळीकडे जरा लक्ष द्या. माझे आजोबा गेले तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते आणि काका सहाचा. घरात ओढणारा पुरुष नाही. पण जाळ्यात आजोबांचा तुकडा होता आणि तो आजी स्वतः विणून नीट ठेवत होती. त्यामुळे रापण लागली की आजीचा वाटा घरी यायचा. आजच्या भाषेत विमा म्हणा, पेन्शन म्हणा. कुणी उपकार म्हणून देत नव्हतं, ती तिच्या हातच्या विणीची किंमत होती. तिला मी एकदा विचारलं होतं की लोक द्यायला कुरकुर नाही करायचे? तर म्हणाली, "माझो तुकडो काढून जाळा घाला बघूया." मधला एक तुकडा काढलेलं जाळं म्हणजे दार उघडं टाकलेलं घर.

याशिवाय एक न लिहिलेला वाटा होता. दोराला हात लावला त्याला मासळी मिळणार. म्हातारा असो, वाटेने जाणारा असो, शाळेतलं पोर असो. पैशात नाही, पण कालवणापुरती. आम्हा पोरांच्या हातात मूठभर पेडवे नाही तर दोन बांगडे पडायचे. मी ते आजीच्या पाटीत टाकायचे आणि ते माझे म्हणून वेगळे मोजायला लावायचे. ती मोजायची.

आता आजीच्या पाटीबद्दल. लिलावात व्यापाऱ्याने मोठा ढीग घेतला की उरलेली मासळी बायका घ्यायच्या आणि डोक्यावरून आत गावांत न्यायच्या. आजी पाटी घेऊन नदी ओलांडून जायची. पैशांपेक्षा तांदूळ, आमसुलं, नारळ जास्त यायचे. म्हणजे दोर पुरुषांचा असला तरी पैशाचं शेवटचं टोक बायकांच्या हातात होतं. रापणीचे फोटो आपण पाहतो त्यात ओढणारे दिसतात. विकणाऱ्या फोटोत येत नाहीत कारण तोवर फोटोवाला जेवायला गेलेला असतो.

मी दोर सोडला तो बाराव्या वर्षी. सोडवला म्हणा. एके दिवशी दोर धरायला गेले तर काका म्हणाला, "चेडवा, आता आजीवांगडा बस." एवढंच. काही वाईट बोलला नाही. आमच्या घरात मुली मोठ्या झाल्या की दोरावरून पाटीकडे जात, माझ्या आत्याही तशाच गेल्या होत्या. आसपासच्या काही घरांत बायका शेवटपर्यंत ओढत असत, आमच्यात नव्हत्या. मला त्याचा राग होता आणि आहे. माझ्यापेक्षा बारीक चुलतभाऊ दोरावर गेला की त्याचा अर्धा वाटा लागायचा. माझे दोन बांगडे मात्र त्या दिवसापासून बंद झाले.

नायलॉन आणि पाटल्या

पुढचं सांगते ते मी जन्मायच्या आधीचं, घरात अनेकदा ऐकलेलं. साठच्या दशकापासून आपल्याकडे हळूहळू नायलॉनची जाळी यायला लागली. ती कुजत नाहीत, हलकी, पाण्यात दिसत नाहीत. सालींचा काढा गेला, उन्हात वाळवणं कमी झालं. सगळ्यांना हवी होती. पण नायलॉन घरी विणून तुकडा आणण्याचा प्रकार राहिला नाही. विकतचं जाळं, संघाने मिळून घ्यायचं, कर्ज काढून. आणि वर्गणी भरेल त्याचाच जाळ्यात वाटा.

कापसाचा तुकडा ज्यांच्याकडे होता, त्या सगळ्यांकडे वर्गणी नव्हती. इथे बरीच घरं गळाली. त्यांच्या माणसांना अंगाचा वाटा मिळत राहिला, तुकड्याचा गेला. आजीने आपल्या दोन पाटल्या विकून वर्गणी भरली. बाबा तेव्हा विशीतही नव्हते. त्या जाळ्याच्या वाट्यावर बाबांचं लग्न, काकाचं लग्न, घराची कौलं, आणि आमची शाळा झाली.

नायलॉन वाईट की चांगलं असा प्रश्न विचारतात. मला तो प्रश्न चुकीचा वाटतो. जाळं चांगलंच होतं. पण ज्याच्या हातात विणायचं कसब आहे त्याची भागीदारी संपून ज्याच्या हातात रोख रक्कम आहे त्याची सुरू झाली, हे कुणी ठरवून केलं नाही आणि थांबवलंही नाही.

मग मासे गेले कुठे?

रापणीला मासा किनाऱ्यावर यायला लागतो. ती त्याच्या मागे जाऊ शकत नाही. हीच तिची मर्यादा आणि, माझं मत विचाराल तर, हीच तिची शिस्त.

यांत्रिक बोटींना ही मर्यादा नाही. त्यात पर्ससीन हा प्रकार आमच्या मुळावर आला. पर्ससीन म्हणजे बटवा. थव्याभोवती बोटीने गोल जाळं टाकायचं आणि खालच्या कड्यांतून ओवलेला दोर ओढून तळ आवळायचा, बटव्याची नाडी ओढतो तसा. खालून पळायची वाट बंद. रापणीत जे काम चाळीस माणसं तीन तास करतात, आणि तरी निम्मा थवा सुटतो, ते इथे यंत्र थोड्या वेळात करतं आणि काही सुटत नाही. आणि ते खोल पाण्यात होतं, म्हणजे थवा किनाऱ्याला लागायच्या आधीच.

कर्नाटकाने हे आमच्या आधी पाहिलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मंगळूरकडे पर्ससीन आली आणि काही वर्षांतच तिथल्या मोठमोठ्या रांपणी जवळजवळ बसल्या. गोव्यात त्याच दशकात ट्रॉलरविरुद्ध रांपणकारांचं आंदोलन उभं राहिलं, माथानी साल्ढाणा त्याचे पुढारी होते. त्यातून पुढे देशभरच्या मच्छीमारांची संघटना झाली. आपल्याकडे महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा. किनाऱ्यालगतचं पाणी छोट्या मच्छीमारांना राखून ठेवावं हा त्यामागचा विचार.

कागदावर पुढेही बरंच झालं. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर एवढे महिने दिले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. समुद्रात रात्री प्रखर दिवे सोडून मासा गोळा करायचा, असा तो प्रकार. २०२१ मध्ये राज्याचा कायदा दुरुस्त होऊन दंड लाखांत गेले. पण नीट बघा, पर्ससीनला दिलेले चार महिने कुठले? सप्टेंबर ते डिसेंबर. रापणीचे भराचे महिने कुठले ते मी वर सांगितलंय.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर पर्ससीनवाले श्रोते रागावतील, आणि त्यांचं थोडं बरोबरही असेल. रापण काही संत नाही. मधलं पोट बारीक आसाचं, त्यात पिल्लंही येतात, आणि आम्ही ती परत सोडायचो असं मी म्हणणार नाही. सुकवायचो. पर्ससीनच्या बोटीवरही माणसं पगारावर आणि वाट्यावरच असतात, त्यातली काही आमच्याच वाडीतली आहेत. माझा मोठा चुलतभाऊ अशाच एका बोटीवर पाच वर्षं होता. घरी यायचा तेव्हा काका त्याच्याशी मासळीबद्दल एक शब्द बोलत नसे. जेवायला वाढायचा, नवी चटई द्यायचा, पण मासळी हा विषय नाही. फरक संख्येचा आहे. रापण दिवसाला एक-दोनदा पडते, फार तर तीनदा, आणि हंगामातले कितीतरी दिवस रिकामी येते.

नव्वदच्या दशकात आमच्या संघाची रिकामी ओढणी वाढत गेली. वाटा इतका कमी यायला लागला की माणसं जमेनात, आणि माणसं नाहीत तर रापण नाही. पाच माणसांनी ओढता येणारी ही गोष्टच नाही. कुणी मुंबईला गेलं, कुणी गोव्याला हॉटेलात, कुणी पर्यटकांच्या बोटीवर. आमचं जाळं काही वर्षं शेडमधे पडून होतं, मग त्याचे तुकडे करून लोकांनी परड्याला कुंपण म्हणून लावले. आजीला मी तेव्हा विचारलं होतं, पाटल्यांचं वाईट वाटत नाही का? "पाटले हातात घालून पोरांचा पोट भरला असता काय?" असं म्हणून ती वाटण वाटायला गेली.

आजही कुठे बघायला मिळेल?

मिळेल. मालवण, वेंगुर्ला, शिरोडा या भागांत अजून संघ आहेत, दक्षिण गोव्यातही काही पुळणींवर रांपण पडते. सकाळी लवकर जा. नोव्हेंबर-डिसेंबरात शक्यता जास्त. काही ठिकाणी सुट्टीत आलेली मंडळी फोटोपुरता दोर धरतात, रापणकर हसून धरू देतात.

धरणार असाल तर चार गोष्टी. रांगेच्या मधे घुसू नका, मागे जाऊन धरा. दोर ओलांडू नका, ताणलेला दोर उसळला तर पाय जातो. ओढताना बाकीच्यांच्या पावलाला पाऊल जुळवा, एकट्याने जोर केलात तर सगळ्यांची लय जाते. आणि जाळं किनाऱ्याला आल्यावर लगेच मोबाईल घेऊन पोटावर वाकू नका, त्या पाच मिनिटांत त्यांचं दिवसाचं उत्पन्न ठरत असतं. शेवटी कुणी हातात दोन बांगडे दिले तर घ्या. पैसे काढू नका, तो तुमचा वाटा आहे.

पुढच्या भागात तारली आणि पेडवे यांतला फरक, आणि तिरफळ नेमकं कधी घालायचं, यावर बोलू. तोवर तुमच्या गावात रापणीच्या दोराला, बोयांना, मधल्या पोटाला काय शब्द आहेत ते कळवा. श्रीवर्धनपासून कारवारपर्यंत दर दहा मैलांवर ते बदलतात आणि आमच्याकडचे निम्मे शब्द काकाबरोबर गेले.